शाळेबाहेरील शिक्षण व सहाध्ययनाचीं मंडळें

(१)

आपल्या प्रांतांतील अर्वाचीन शिक्षणाचा इतिहास आजवर बहुधा सरकारी शाळा, शिक्षणखात्याचे अहवाल, विश्वविद्यालयाच्या परीक्षा आणि प्रसिद्ध संस्थांच्या स्थापनेचे सन यांच्या आधारें लिहिला गेला आहे. या साधनांची योग्यता मोठी आहे, हें कोणीही कबूल करील. परंतु त्यांचा एक दोष असा कीं, ज्या शिक्षणास सरकारी हजेरीपट नव्हता, ज्यास परीक्षा नव्हती आणि ज्यास खात्याचा पैसा नव्हता, तें शिक्षण त्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. शाळा सुटल्यावर, कॉलेज भरण्यापूर्वीं, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यानंतर किंवा दिवसाचें काम आटोपून जें शिक्षण दिलें व घेतलें गेलें, त्याचा उल्लेख इतिहासग्रंथांत येतो तो एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रांतील गौण गोष्ट म्हणून. त्याकडे स्वतंत्र विषय या नात्यानें पाहण्याची आपली वहिवाट नाहीं.

अलीकडे युरोपांत व पूर्व आशियांत या विषयास 'विस्तारित शिक्षण' असें नांव मिळून त्याचें एक स्वतंत्र शास्त्र बनूं पाहत आहे. जर्मनीनें २००३ सालीं दिवसभर चालणाऱ्या शाळांची वाढ करण्याकरितां चार अब्ज युरोंची योजना हातीं घेतली आणि २००५ पासून अनेक विद्यापीठांतील व संस्थांतील संशोधकांनीं एकत्र येऊन त्या शाळांचा अभ्यास आरंभिला. निरनिराळ्या देशांचे संशोधक आतां या विषयावर मंडळें करून काम करितात. हें नांव नवें आहे. वस्तु मात्र नवी नाहीं. एकत्र बसून विचार करणारें मंडळ आणि शाळेच्या वेळेबाहेर चालणारें शिक्षण यांची सांगड मुंबईंत इ. स. १८४८ सालींच घातली गेली होती. इतकेंच नव्हे, तर त्या प्रयोगांत अभ्यास करणारे आणि शिकविणारे हे दोन वर्ग वेगळे नव्हते. त्या प्रयोगाचें स्वरूप काय होतें, त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या आणि त्यांतील ती सांगड पुढें कां सुटली, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

१८४० सालीं एल्फिन्स्टन कॉलेज आणि नेटिव एज्युकेशन सोसायटीची शाळा यांचा संयोग होऊन एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन अस्तित्वांत आली. त्याच सालीं बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें. सर अर्स्किन पेरी हे १८४३ पासून १८५२ पर्यंत या बोर्डाचे अध्यक्ष होते. उच्च ज्ञान इंग्रजींतूनच द्यावें असा त्यांचा कल होता. उलट, देशी भाषेच्या द्वारेंच ज्ञान लोकांपर्यंत पोंचेल असें कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांचें मत होतें. १८४५ पासून १८४८ पर्यंतचा काळ या वादानें गजबजलेला आहे. वादाचा निकाल बोर्डाच्या बैठकींत काय लागला हें सर्वांस माहीत आहे. परंतु या वादास एक उत्तर बोर्डाच्या बाहेर, खुद्द इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळालें. त्याकडे मात्र पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं.

१८४८ च्या जून महिन्यांत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्रा. पॅटन व प्रा. रीड यांचें तिला साहाय्य होतें. बावीस वर्षांचे दादाभाई नवरोजी हे तिच्या आरंभींच्या खटपटी मंडळींपैकीं प्रमुख होते; डॉ. भाऊ दाजी यांनीं पुढें तिचें अध्यक्षपद भूषविलें. मूळ सोसायटीचें काम इंग्रजींत चाले. परंतु लवकरच तिच्या दोन देशी शाखा झाल्या: एक गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी व दुसरी मराठी ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचें अध्यक्षस्थान 'तर्खडकर' या नांवानें महाराष्ट्रास परिचित असलेले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांजकडे होतें.

या रचनेंतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. जे तरुण दिवसा इंग्रजींत गणित, पदार्थविज्ञान व इतिहास शिकत, तेच संध्याकाळीं तेंच ज्ञान आपल्या भाषेंत मांडण्यास बसत. म्हणजे ज्या प्रश्नावर बोर्डांत दोन तट पडले होते, तो प्रश्न या तरुणांनीं वेळेची वांटणी करून सोडविला. शाळेचा वेळ इंग्रजीचा, शाळेबाहेरचा वेळ मराठीचा व गुजरातीचा. शाळेबाहेरील शिक्षण म्हणजे शाळेंतील शिक्षणाची केवळ पुरवणी, अशी आज समजूत आहे. येथें तसें नव्हतें. शाळा जें करूं शकत नव्हती किंवा करूं इच्छीत नव्हती, तें करण्याचें हें स्थान होतें.

(३)

सोसायटीची कामाची रीत साधी होती. एका सभासदानें निबंध वाचावा, इतरांनीं त्यावर चर्चा करावी आणि निबंध योग्य वाटल्यास तो प्रसिद्ध करावा. अशा सभा त्या काळीं इतर ठिकाणींही होत्या. या सोसायटीचें वैशिष्ट्य हें कीं, तिच्यांत निबंधापासून कृतीपर्यंतचें अंतर फार थोडें होतें. याचें ठळक उदाहरण म्हणजे मुलींच्या शाळा.

१८४९ सालीं बेहरामजी गांधी यांनीं सोसायटीपुढें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली. तेव्हां नुसत्या चर्चेवर न थांबतां सभासदांनीं स्वतः कांहीं करून दाखवावें, असें प्रा. पॅटन यांनीं सुचविलें. शाळा काढण्यास पैसा नव्हता, जागा नव्हती, पगारी शिक्षक नव्हते. सभासदांपाशीं होता तो केवळ त्यांचा मोकळा वेळ, म्हणजे कॉलेज भरण्यापूर्वींची सकाळ. तोच त्यांनीं दिला. सकाळीं वर्ग घ्यावयाचे आणि मग आपल्या कामास किंवा अभ्यासास जावयाचें, असा क्रम ठरला. विद्यार्थिनी मिळविण्यासाठीं हे तरुण घरोघर फिरले. कित्येक ठिकाणीं त्यांचें स्वागत झालें. कित्येक ठिकाणीं जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी मिळाली, असें दादाभाईंनीं आपल्या वृद्धापकाळच्या आठवणींत नमूद केलें आहे. १८४९ च्या ऑक्टोबरांत वर्ग सुरू झाले, तेव्हां ४४ पारशी व २४ हिंदु मुली त्यांत होत्या.

आंकडा लहान आहे, परंतु त्याचा अर्थ लहान नाहीं. एका निबंधांत मांडलेलें मत कांहीं आठवड्यांतच अडुसष्ट मुलींच्या अक्षरओळखीच्या कसोटीस लागलें. मुली शाळेंत येतील काय, आईबाप पाठवतील काय, कोणत्या वेळीं पाठवतील, घरापासून किती अंतरावर पाठवतील, हे प्रश्न निबंधांत तर्कानें सुटणारे नव्हते. ते उंबरठ्यावर उभें राहूनच सुटणारे होते. आजचा संशोधक ज्यास क्षेत्रांतील पाहणी म्हणेल, ती या तरुणांनीं ते नांव न देतां केली. प्रयोग टिकतो असें दिसल्यावर धनिकांचें साहाय्य मिळूं लागलें. जगन्नाथ शंकरशेट यांनीं मराठी मुलींच्या शाळेस जागा दिली. कामा कुटुंबानें पारशी मुलींच्या शाळांचा भार उचलला. म्हणजे येथें क्रम उलटा आहे. आधीं दान, मग संस्था, मग शिक्षण असें न होतां आधीं शिक्षण, मग संस्था, शेवटीं दान असें झालें. मोकळ्या वेळाच्या भांडवलावर उभी राहिलेली संस्था आपल्या इतिहासांत कशी निर्माण होते, याचें हें स्वच्छ उदाहरण आहे.

(४)

मराठी सभेनें १८५० सालीं 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक सुरू केलें व तें सुमारें सतरा वर्षें चाललें. सभेंत वाचलेले निबंध त्यांत छापले जात. त्या काळच्या मराठी गद्याची घडण ज्यांनीं अभ्यासिली आहे, त्यांस या मासिकाचें महत्त्व सांगावयास नको. येथें त्याचा विचार वेगळ्या दृष्टीनें करावयाचा आहे.

सभेंत निबंध वाचणाऱ्यांपैकीं गोविंद नारायण माडगांवकर (१८१५-१८६५) हे एक प्रमुख लेखक होत. ते दिवसा मिशनच्या शाळेंत शिक्षक होते. शिक्षकाचें काम करून उरलेल्या वेळांत त्यांनीं स्वच्छता, कर्ज, मद्यपान अशा व्यावहारिक विषयांवर निबंध लिहिले. १८६३ सालीं त्यांचा 'मुंबईचें वर्णन' हा ग्रंथ बाहेर पडला. या शहराचे बाजार, देवळें, जाती, उत्सव, इमारती, धंदे यांची जी बारकाईनें केलेली नोंद त्या ग्रंथांत आहे, तिच्यावांचून मुंबईचा एकोणिसाव्या शतकांतील सामाजिक इतिहास आज लिहितां येणार नाहीं. असा ग्रंथ कोणा सरकारी अंमलदारानें हुकमावरून लिहिला नाहीं. विश्वविद्यालयाच्या कोणा पदवीसाठींही तो लिहिला गेला नाहीं. निबंध वाचावयाचा, तो ऐकणाऱ्यांस पटवावयाचा, त्यांच्या शंकांस उत्तरें द्यावयाचीं, या संवयींतून डोळस निरीक्षण करणारा एक शिक्षक तयार झाला आणि त्याच्या हातून हें काम झालें.

यावरून असें दिसतें कीं, ज्ञानप्रसारक सभा हें नांव अपुरें होतें. तयार झालेलें ज्ञान लोकांत पसरविणें एवढेंच तिचें कार्य नव्हतें. इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांत मराठींत सांगूं लागतांच त्यास येथील उदाहरण लागे. उदाहरण द्यावयाचें तर येथील वस्तु पाहावी लागे. आणि पाहावयास लागलें कीं प्रसारकाचा संशोधक होई. शिकविण्याच्या गरजेंतून शोध निर्माण होणें ही जी क्रिया, ती या मंडळाच्या इतिहासांतील सर्वांत मोलाची गोष्ट होय. भाऊ दाजींचें उदाहरण याच जातीचें आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेला हा वैद्य दिवसा रोगी पाही. रात्रींचा वेळ त्यानें पुढें शिलालेखांच्या वाचनास दिला आणि अजिंठ्यासारख्या ठिकाणच्या लेखांवर विद्वानांस मान्य झालेले निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें ठेविले. ज्यास आपण संशोधनाचा आरंभ म्हणतों, तो आपल्या प्रांतांत पुष्कळ अंशीं फावल्या वेळाचा उद्योग होता.

(५)

आतां मर्यादांचा विचार. सोसायटीच्या नियमांनीं धर्मविषयक व राजकीय वाद चर्चेच्या बाहेर ठेविले होते. अनेक जातींचे व धर्मांचे तरुण एका खोलींत बसावयाचे तर हें कुंपण कदाचित् आवश्यकच होतें. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, जे प्रश्न कुंपणाबाहेर राहिले, त्यांसाठीं त्याच मंडळींस दुसरीं मंडळें काढावीं लागलीं. धर्म व जातिभेद यांच्या विचारासाठीं दादोबा पांडुरंग प्रभृतींची परमहंस सभा १८४९ च्या सुमारास गुप्तपणें भरूं लागली; राजकीय प्रश्नांसाठीं १८५२ सालीं बाँबे असोसिएशन निघाली. एकाच माणसाचीं तीन डोकीं तीन ठिकाणीं काम करूं लागलीं.

याहून मोठी मर्यादा ही कीं, मंडळांत बसण्यास आधीं एल्फिन्स्टनची पायरी चढावी लागे. मंडळ ज्यांच्याविषयीं विचार करी, ते लोक मंडळांत नव्हते. या ठिकाणीं पुण्याचें उदाहरण मुंबईच्या शेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे.

जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या मानानें कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे १८५५ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं आपल्या घरीं सुरू केलेली रात्रीची शाळा. दिवसा मोलमजुरी किंवा शेतकाम करणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांसाठीं ती होती. मुंबईच्या तरुणांपाशीं सकाळ मोकळी होती, कारण ते विद्यार्थी होते. जोतीरावांच्या विद्यार्थ्यांपाशीं रात्रच तेवढी होती, कारण ते कष्टकरी होते. वेळेचा हा भेद दोन प्रयोगांतील सामाजिक भेदाचें अचूक माप आहे.

त्याच १८५५ सालीं जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. भोळ्या कुणबी जोडप्यास जोशी कसा नाडतो हें त्यांत दाखविलें असून अखेर तें जोडपें फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें हें नाटक स्वीकारलें नाहीं आणि तें छापून प्रसिद्ध व्हावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या गोष्टीकडे वाङ्मयाच्या इतिहासकारांचें लक्ष गेलें आहे. शिक्षणाच्या इतिहासकारांनींही तें दिलें पाहिजे. कारण शाळेबाहेरील शिक्षण घेणाऱ्या माणसास शाळेची गरज कां वाटली, याचें उत्तर शिकविणाऱ्याच्या बाजूनें न देतां शिकणाऱ्याच्या जीवनांतून देणारें या विषयावरील हें आरंभींचें मराठी लेखन होय. मुंबईच्या सभेंत अज्ञान हा निबंधाचा विषय होता. येथें अज्ञानानें झालेलें नुकसान ज्यास सोसावें लागलें, तो स्वतःच प्रश्न विचारूं लागलेला दिसतो. आणि नेमकें तेंच लेखन ज्ञानाची पारख करणाऱ्या कमिटीच्या दारांत अडलें.

(६)

रात्रीच्या शाळेचा इतिहास हा पुष्कळ अंशीं मजुराच्या दिवसाच्या लांबीचा इतिहास आहे. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची योजना केली व १८५६ सालीं ती गिरणी चालूं लागली. त्यानंतरच्या पिढींत गिरणगांव वाढलें. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टानें सात ते बारा वर्षांच्या मुलांचें काम नऊ तासांवर आणलें. १८९१ च्या कायद्यानें मुलांचें किमान वय नऊ करून नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं सात तासांची व स्त्रियांसाठीं अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषांस मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर तर विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं ठिकाणीं दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. दिव्याखालीं अक्षरें गिरवावयाचीं, ही रात्रीच्या शाळेची कल्पना. त्याच दिव्यानें रात्र हिरावून नेली, हा त्या काळाचा विपर्यास. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठीं बारा तासांची मर्यादा प्रथम घातली. १९२२ सालीं दिवसास अकरा व आठवड्यास साठ, १९३४ सालीं दिवसास दहा व आठवड्यास चोपन्न आणि १९४८ सालीं दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ठरले.

हे आंकडे शिक्षणाच्या इतिहासांत सहसा दिले जात नाहींत. परंतु बारा तास यंत्रापुढें उभें राहून, घरीं परतून, स्वयंपाक व जेवण आटोपून वर्गांत येणाऱ्या माणसाची झोंप शिक्षकाच्या कळकळीपेक्षां बलवत्तर असावयाचीच. प्रार्थनासमाजानें १८७६ पासून मुंबईंत मजुरांसाठीं रात्रीच्या शाळा चालविल्या. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रीच्या शाळा, वाचनालयें व फिरतीं ग्रंथालयें यांचें जाळें उभारिलें. जोशी हे पुढें कामगार संघटनेचे अग्रणी झाले, हा केवळ योगायोग मानतां येत नाहीं. ज्यानें रात्रीची शाळा चालविली, त्यास कामाच्या तासांचा प्रश्न टाळतां येणें शक्य नव्हतें.

सरकारी बाजूसही या गोष्टीची अंशतः जाणीव होती. १८८२ च्या हंटर कमिशननें शक्य तेथें रात्रीच्या शाळांस उत्तेजन द्यावें, तसेंच प्राथमिक शाळांच्या वेळा व सुट्ट्यांचे हंगाम स्थानिक सोयीप्रमाणें ठेवावे, अशा शिफारसी केल्या. याच कमिशनपुढें जोतीरावांनीं निवेदन सादर केलें. वरच्या वर्गांस दिलेलें शिक्षण आपोआप खालीं झिरपेल या समजुतीचा त्यांनीं त्यांत स्पष्ट शब्दांत निषेध केला, प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करण्याची मागणी केली आणि शिक्षणक्रमांत हिशेब, मोडी, शेतकी व आरोग्य यांस स्थान असावें असें सुचविलें. ज्ञानप्रसारक सभेच्या स्थापनेपासून चौतीस वर्षांनीं दिलेली ही साक्ष म्हणजे प्रसाराच्या त्या कल्पनेचा एक परखड हिशेबच होय.

(७)

मुंबईच्या प्रयोगांतील अध्ययन व अध्यापन यांची सांगड पुढें कां सुटली? याचीं कारणें व्यक्तींच्या उत्साहांत किंवा आळसांत शोधूं नयेत. पहिलें कारण विश्वविद्यालय. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. १८६२ सालीं रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. विद्यार्थ्याचा मोकळा वेळ यापुढें परीक्षेनें घेतला. निबंध पूर्वीं सोबत्यांस पटविण्यासाठीं लिहावयाचा, तो आतां परीक्षकासाठीं लिहावयाचा झाला. दुसरें कारण यश. मुलींच्या शाळा स्थिर झाल्या, त्यांस पगारी शिक्षक मिळाले, पारशी मुलींच्या शाळा त्या समाजाच्या स्वतंत्र व्यवस्थेकडे गेल्या. शाळांच्या दृष्टीनें हें इष्टच झालें; परंतु सकाळीं शिकवून संध्याकाळीं त्या अनुभवावर चर्चा करणारा सभासद त्यामुळें नाहींसा झाला.

तिसरें कारण कामांची वांटणी. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुणें सार्वजनिक सभेनें रयतेच्या स्थितीची चौकशी केली आणि १८७८ पासून आपलें त्रैमासिक काढलें. रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांच्या त्यांतील लेखांची बरोबरी करील असें आर्थिक विवेचन त्या काळीं देशांत दुर्मिळ होतें. हें खरें सामुदायिक संशोधन होय. पण तें इंग्रजींत होतें आणि त्याचा श्रोता सरकार होता. याच्याच शेजारीं १८७५ सालीं रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती मराठींत व लोकांसाठीं होती, पण तेथें वक्त्यानें बोलावयाचें व श्रोत्यांनीं ऐकावयाचें. रात्रीच्या शाळा तिसरीकडेच चालल्या. शोध एकीकडे, व्याख्यान दुसरीकडे व अक्षरओळख तिसरीकडे, अशी विभागणी झाली. प्रत्येक शाखा वाढली, परंतु एकमेकींचा रस त्यांस मिळेनासा झाला.

(८)

ही विभागणी अटळ होती काय? तसें म्हणवत नाहीं. कारण जेथील कापडाशीं मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा होती, त्याच लँकेशायरांत याच्या उलट घडलें. इंग्लंडांत केंब्रिज विश्वविद्यालयानें जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीनें १८७३ सालीं बाहेरगांवीं व्याख्यानें देण्याची व्यवस्था सुरू केली. त्या व्याख्यानांचा लाभ मजुरांपेक्षां मध्यम वर्गासच अधिक झाला. पुढें १९०३ सालीं आल्बर्ट मॅन्सब्रिज यांनीं कामगार-शिक्षण-संघ स्थापिला आणि १९०८ सालीं रॉचडेल व लाँगटन या गांवीं पहिले शिक्षावर्ग निघाले. त्यांचे नियम पाहण्यासारखे आहेत. वर्गांत सुमारें तीस जणच घ्यावयाचे. तीन वर्षें येण्याचें वचन द्यावयाचें. दर आठवड्यास दोन तास, त्यांतील एक तास व्याख्यान व एक तास चर्चा. आणि नियमानें निबंध लिहावयाचे. अभ्यासाचा विषय वर्गाच्या संमतीनें ठरे.

या वर्गांचे शिक्षक आर. एच. टॉनी हे होते. १९१२ सालीं त्यांनीं सोळाव्या शतकांतील इंग्लंडच्या शेतजमिनीच्या प्रश्नावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आर्थिक इतिहासांतील प्रमाणग्रंथ मानला गेला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं विणकर, कुंभारकामाचे कारागीर, खाणवाले व यंत्रकामगार अशा आपल्या विद्यार्थ्यांचें ऋण मान्य केलें असून, पुस्तकांतून सहज न मिळणारें ज्ञान त्यांच्या टीकेनें आपणांस दिलें, अशा आशयाचें लिहिलें आहे. रात्रीच्या वर्गांतून पहिल्या प्रतीचें संशोधन जन्मास येऊं शकतें, याला याहून चांगला दाखला नको. मुंबईंत १८४८ सालीं आणि रॉचडेलांत १९०८ सालीं तत्त्व एकच होतें: जो शिकवितो त्यानें शिकणाऱ्यांपुढें आपलें म्हणणें तपासून घ्यावें. भेद इतकाच कीं, मुंबईच्या मंडळांत विद्या होती, पण मजूर नव्हता. रॉचडेलांत दोन्ही एका मेजाशीं बसलीं. पुण्यांत जोतीरावांच्या घरीं तीं बसलीं होतीं; परंतु त्या मेजास विश्वविद्यालयाचा किंवा दक्षिणा फंडाचा आधार मिळाला नाहीं.

(९)

या विवेचनांतून इतिहासाच्या अभ्यासकांपुढें दोन गोष्टी येतात. पहिली साधनांची. शाळेबाहेरील शिक्षणाचीं साधनें सरकारी दप्तरांत थोडीं व खाजगी ठिकाणीं फार आहेत: सभांचीं टिपणबुकें, वाचनालयांच्या जमाखर्चाच्या वह्या, रात्रीच्या शाळांचे हजेरीपट, व्याख्यानमालांच्या पत्रिका, गिरणगांवांतील मंडळांचे वार्षिक अहवाल. ताम्रपट टिकतो, बखरीस कोणी तरी जपतो. परंतु रात्रीच्या शाळेचा हजेरीपट रद्दींत जातो. त्या पटावरील नांवें, वयें, धंदे आणि गैरहजेरीचे दिवस यांतून सण, साथी, संप व कामाचे तास यांचा जो इतिहास मिळेल, तो दुसरीकडे मिळणार नाहीं. गिरण्या बंद झाल्या, चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्याबरोबर हे कागदही नाहींसे होत आहेत. ज्या आस्थेनें आपण किल्ल्यांवरील कागद गोळा केले, त्या आस्थेनें हेही गोळा केले पाहिजेत. आणि येथें विलंब करण्यास फारसा अवकाश उरलेला नाहीं.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. हा विषय एकट्यानें करण्याचा नव्हे. त्यास शिक्षणशास्त्राचा, कामगार कायद्याचा, भाषेचा आणि स्थानिक इतिहासाचा जाणता एकत्र बसला पाहिजे. तसेंच रात्रीच्या शाळेंत जे शिकले व ज्यांनीं शिकविलें, त्यांसही त्या बैठकींत स्थान पाहिजे. हें कांहीं परकें तत्त्व नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं स्थापिलें, तेंही एकत्र येऊन कागद वाचणाऱ्या, निबंध ऐकणाऱ्या व बहुतेक बिनपगारी काम करणाऱ्या लोकांच्या बळावरच उभें राहिलें. शिक्षक, वकील, कारकून, वैद्य यांनीं आपलीं कामें संभाळून महाराष्ट्राचा इतिहास लिहिला. म्हणजे इतिहाससंशोधन ही आपल्याकडील शाळेबाहेरील शिक्षणाचीच एक शाखा आहे. तिनें आपल्या मूळ कुळाचा शोध घ्यावा, हें सर्वस्वी उचित होय.

१८४९ सालीं निबंध वाचून झाल्यावर तरुणांनीं जो प्रश्न स्वतःस विचारला, तो असा कीं, आतां आपण काय करावयाचें? विस्तारित शिक्षणावर आज जेथें जेथें मंडळें काम करीत आहेत, तेथें आंकडे, तक्ते व अहवाल विपुल तयार होत आहेत आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु ज्या मुलाचा संध्याकाळचा तास मोजावयाचा, त्याच्याबरोबर तो तास घालविणारा माणूस त्या मंडळांत असेल, तरच त्या मोजमापास अर्थ येईल. ज्ञानप्रसारक सभेचें यश ह्या सांगडींत होतें आणि ती सुटल्यावर तिचें कार्यही मंदावलें, एवढा बोध तिच्या इतिहासांतून निश्चित निघतो.